बांधावरची घाणेरी

रंगनाथ ससाणे ज्या ज्या गोष्टींना भीत असत, त्यांत पाखरं कधीच नव्हती. कुत्री होती, पोलीस होते, लोंबणारी विजेची तार होती, मोठ्यानं हसणारी माणसं होती, आणि दारापुढं येऊन थांबणारी मोटारसायकल तर फार वरच्या जागी होती. पाखरांचा मात्र त्यांना आधार वाटे. पाखरं आडनाव विचारत नाहीत, असं ते बायकोला म्हणत.

"विचारलं असतं तर ससाणे ऐकून एकही दारात उतरलं नसतं," असं यशोधराबाई म्हणत.

हा विनोद त्या घरात बरेच दिवस चालला. मग एका पौषात भोरड्यांचे थवे आले आणि तो बंद पडला.

रंगनाथराव पुण्याला टपाल खात्यातून निवृत्त झाले, ते एक्क्याण्णव साली. काष्टीच्या अलीकडं त्यांचं मूळ गाव. तिथल्या बौद्धवस्तीत वडिलांचं जुनं छप्पर होतं. पण जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये वरच्यांचे पाय आणि खालच्यांचा रेडिओ ऐकलेल्या माणसाला म्हातारपणी मोकळ्यावर राहायची हौस येते. त्यांनी गावाबाहेर चार गुंठे जागा घेऊन दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. जागा विकली आप्पासाहेबांनी. आप्पासाहेबांचं त्यांच्या चुलतभावाशी, म्हणजे काकासाहेबांशी, वाटणीवरून वाकडं होतं. तिन्ही बाजूंनी काकासाहेबांची ज्वारी आणि मध्ये आप्पासाहेबांचा हा तुकडा. तो विकून टाकताना आप्पासाहेबांनी गिऱ्हाईक मुद्दाम हुडकलं होतं. काकासाहेबांच्या रानात कोण राहायला आलेलं काकासाहेबांना सगळ्यात जास्त खुपेल, याचा त्यांनी शांतपणे विचार केला होता. रंगनाथरावांना हे कळलं ते नव्या घरात बुद्धवंदना होऊन, पेढे वाटून झाल्यावर. तोवर आप्पासाहेब हडपसरला पोचले होते.

घराला सडकेपासून रस्ता नव्हता. काकासाहेबांच्या बांधावरून यायचं. याला कागद नाही, नकाशात रेघ नाही. पहिल्या दिवशी काकासाहेब बांधावर उभे राहून म्हणाले होते, "या-जा की सायेब बांधावरनं. कोन नको म्हनतंय?" या एका वाक्यावर ससाण्यांचं घर उभं होतं. गॅसची टाकी, दळणाचा डबा, सुटीला पुण्याहून येणारी मुलगी रश्मी, सगळं या वाक्यावरून ये-जा करत होतं. उद्या काकासाहेबांनी बांध नांगरला, किंवा नुसती बाभळीची एक फांदी आडवी टाकली, की चार गुंठ्यांचं बेट व्हायचं. म्हणून रंगनाथराव रस्ता हा शब्द घराबाहेर उच्चारत नसत. आठवण करून दिली तर काढून घेतील, असं त्यांना वाटे. काकासाहेबांची राजदूत मोटारसायकल बांधावर दिसली, की ते सायकलसकट खाली ज्वारीत उतरत आणि गाडी जाईपर्यंत नमस्काराचा हात तसाच धरून उभे राहत.

ही भीती त्यांनी विकत घेतलेली नव्हती, घरातूनच आली होती. त्यांचे वडील पाखरं राखायला जात. एकदा त्यांच्या गोफणीतला खडा सुटला तो रानमालकाच्या बैलाच्या डोळ्याला लागला. कुणी मारलं नाही. कुणी ओरडलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या मळ्यातली विहीर त्यांच्यापुरती नाहीशी झाली, एवढंच. तो सबंध उन्हाळा रंगनाथची आई ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होती. तेव्हापासून ओरडणाऱ्या माणसांपेक्षा न ओरडणारी माणसं रंगनाथला जास्त कळतात.

आता घराभोवतीच्या झुडपांकडं येऊ.

झुडपं पुस्तकातून आली. पुस्तक विलायतेतलं, पुण्याच्या रद्दीच्या दुकानात मिळालेलं, वर लाल छातीच्या एका पाखराचं चित्र. आत लिहिलं होतं की हिवाळ्यात बर्फ पडतं, जमीन कडक होते, किडे मरतात आणि बागेतल्या पाखरांचे फार हाल होतात; तेव्हा दयाळू माणसानं फळं धरणारी झुडपं लावावीत. रंगनाथराव वाचून हळहळले. खरं म्हणजे श्रीगोंदा तालुक्यात हिवाळ्यात पाखरांचे हाल होत नाहीत, शेतकऱ्यांचे होतात. ज्वारीचा दाणा दुधाळ चिकात आलेला असतो, हरभरा घाट्यात असतो, पाटाला पाणी असतं आणि पाखरांची पोटं मडक्यासारखी दिसतात. रंगनाथरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, ते याच गावात वाढले होते. पण छापलेल्या गोष्टीपुढं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मागं बसते. शिक्षणाचा तो एक फायदा आहे.

पुस्तकातली झुडपं श्रीगोंद्यात कुणी ऐकलेली नव्हती. शेवटी रंगनाथरावांनी कुंपणाच्या कडेनं चार तुती लावल्या आणि बाकी सगळीकडं घाणेरी. घाणेरीला काळ्या मण्यांसारखी फळं घोसानं येतात, पाखरं ती आवडीनं खातात, शेळी तोंड लावत नाही. सगळं नियमात बसत होतं. फक्त गावात घाणेरी कुणी लावत नाही. लोक ती कुदळीनं खणतात, पेटवतात, शिव्या घालतात, तरी ती येते. रंगनाथराव ओढ्यातून तिच्या फांद्या कापून आणून ओळीत लावत होते आणि झारीनं पाणी घालत होते, तेव्हा बनाआत्या बांधावर येऊन उभी राहिली.

बनाआत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची चुलत बहीण. वस्तीत एकटी राहायची. दर हिवाळ्यात काकासाहेबांची ज्वारी राखायची ती. रानात लाकडी माळा बांधलेला असे, त्यावर पहाट फुटल्यापासून ती गोफण घेऊन उभी. भावाच्या हातून सुटलेला खडा तिच्या हातून कधी सुटला नाही, म्हणून काकासाहेबांच्या घरानं तिला ठेवलं होतं.

"रंगा, ह्ये काय लावतुईस?"

"घाणेरी, आत्या. पाखरांना हिवाळ्यात फळं मिळावीत म्हणून."

आत्यानं लावलेली ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग म्हणाली, "पाखरं हाकलून हाकलून माजा खांदा निखळायला आला. आन तू त्यान्ला जेवू घालतुईस?"

"ती निराळी, आत्या. बुलबुल वगैरे."

"आसं व्हय. मंग त्यान्ला म्हनावं, निराळ्या वाटनं येत जा."

घाणेरी चांगलीच फोफावली. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, फुलांत चोच घालणारे शिंजीर आले. रंगनाथराव ओट्यावर चहा घेत बसत. पाखरं दिसत हा एक आनंद होता, आणि घाणेरी पुरुषभर वाढल्यामुळं बांधावरून आपण दिसत नाही हा दुसरा. दुसरा थोडा जास्त होता, पण तो ते बोलून दाखवत नसत.

त्या पौषात एका सकाळी उगवतीकडून धुराचा लोट यावा तसं काहीतरी आलं. लोट वळला, दुमडला, पसरला आणि ससाण्यांच्या कुंपणावर उतरला. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या. इतक्या, की घाणेरीचं पान दिसेना. गरम तेलात मोहरी पडावी तसा आवाज चारी बाजूंनी उठला. रंगनाथरावांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"केवढ्या आल्या हो!" यशोधराबाई बाहेर येऊन म्हणाल्या. त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या. गोंगाटाला भ्यायच्या नाहीत.

"हळू बोल."

"पाखरांना मराठी कळतं का?"

"काकासाहेबांना कळतं."

भोरड्या तासभर फळं खात राहिल्या, पाखरांसाठी ठेवलेल्या परातीतलं पाणी प्यायल्या, आणि मग त्यातल्या काही बांध ओलांडून ज्वारीत गेल्या. माळ्यावरून आत्याची आरोळी आली. गोफण सुटल्याचा फटका आला. त्या उठल्या आणि पुन्हा ससाण्यांच्या घाणेरीवर येऊन बसल्या. थोडा दम घेतला, फळं खाल्ली, पुन्हा ज्वारीत. गाव आणि तालुका यांच्यात माणसं खेपा घालतात तशा दिवसभर त्यांच्या खेपा चालल्या. रंगनाथराव दार लावून खिडकीच्या फटीतून बघत होते. ज्वारी चिकात होती. चिकातल्या दाण्याला भोरडी लागली तर कणसाचं नुसतं भुसकट उरतं. उद्या कुणी विचारलं, की भोरड्या इथंच का आल्या, तर सबंध शिवारात त्याचं उत्तर एकाच घराभोवती ओळीनं लावलेलं होतं, पाणी घालून वाढवलेलं.

संध्याकाळी राजदूत बांधावरून आली आणि कुंपणाशी हळू झाली. थांबली नाही, नुसती हळू झाली.

"सायेब," काकासाहेब गाडीवरूनच म्हणाले, "पाखरं लई झाली हो तुमच्याकडं." आणि हसले.

गाडी गेली. रंगनाथराव उभ्या उभ्या ते वाक्य तपासत राहिले. 'लई झाली' म्हणजे पाखरं जास्त झाली, की आमचं इथं राहणं? 'तुमच्याकडं' यावर जोर होता का? आणि हसले ते का?

"पाखरं जास्त झाली म्हणून पाखरं जास्त झाली म्हणाले," यशोधराबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवा."

ते जेवले नाहीत.

झुडपं तोडून टाकावीत, हा पहिला विचार. पण कुऱ्हाडीचा आवाज सगळ्या शिवारात गेला असता. जो तोडतो त्याला पाखरं कशामुळं येतात ते माहीत असतं, आणि माहीत असूनही त्यानं तीन वर्षं पाणी घातलं, असा त्याचा अर्थ झाला असता. न तोडावीत, तर भोरड्या. रंगनाथरावांनी मधला मार्ग काढला. टपाल खात्यात मधला मार्ग काढूनच ते हेडक्लार्क झाले होते. त्यांनी आपल्याच बागेत बुजगावणं उभं केलं. दोन बांबू, पेंढा, वर मडकं, आणि अंगात निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला काळा कोट. पाखरांना जेवायला बोलावून त्यांच्यापुढं बुजगावणं मांडणारा यजमान पंचक्रोशीत दुसरा नसेल.

दुपारी आत्या पाणी प्यायला आली ती रागातच.

"मोटा सायेब झालास व्हय रं? सकाळधरनं चार हाका मारल्या माळ्यावरनं. कोट घालून हुबा ऱ्हातुईस आन वळून बगत न्हाईस?"

"आत्या, ते बुजगावणं आहे."

आत्या कुंपणाजवळ जाऊन बघून आली. बुजगावण्याच्या दोन्ही खांद्यांवर भोरड्या बसल्या होत्या आणि एक मडक्यावर. "हुबेहूब तूच," ती म्हणाली. "भ्यालेला."

"आत्या, काकासाहेब काही म्हणाले का? आमच्याबद्दल?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"त्येच तर. धा वर्सं झाली, रोज कायतरी शिवी देतो. दोन दिस झालं कायच बोलंना." आत्यानं तांब्या खाली ठेवला. "शिवी देत न्हाई म्हनून मलाच ग्वाड लागंना बग, रंगा. पुढल्या साली दुसरं कोन ठिवतो का काय."

ती गेली तेव्हा रंगनाथरावांची भीती दुप्पट झालेली होती. आपल्या घाणेरीपायी आत्याचा माळा जाणार, हे त्यांनी आतापर्यंत हिशेबात धरलेलंच नव्हतं. तोंडानं काही न बोलता वस्तू नाहीशी करणारी माणसं त्यांना माहीत होती. एकदा विहीर गेली होती. आता माळा जाईल, मग बांध.

दुसऱ्या दिवशी पहाटे, भोरड्या यायच्या आधी, ते बादली घेऊन कुंपणाशी गेले आणि फळं तोडायला लागले. यशोधराबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या.

"काय चाललंय हे?"

"फळं नसली तर यायच्या नाहीत. झुडूप तसंच राहील, कुणाला कळायचं नाही."

"अहो, एवढी घाणेरी! हातानं?"

"तू आत जा."

त्या आत गेल्या आणि दुसरी बादली घेऊन आल्या. घाणेरीच्या काड्यांना बारीक काटे असतात आणि पानांना एक उग्र वास, तो हाताला लागला की साबणानं जात नाही. दोघं वाकून, कुजबुजत, आपल्याच कुंपणावर चोरी करत होती. एवढ्यात भोरड्या आल्या आणि डोक्यावरून गरगर फिरायला लागल्या, पण माणसं बघून उतरेनात. दुपारपर्यंत पिकलेलं फळ राहिलं नाही. रंगनाथरावांनी घरामागं खड्डा खणून सगळी फळं त्यात ओतली, माती लोटली, पायानं दाबली, वर वाळका पाला टाकला. मग मातीकडं बघून त्यांच्या मनात आलं की हे पोलिसांपासून काहीतरी पुरून ठेवल्यासारखं दिसतंय, आणि त्यांनी पाला काढून टाकला.

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढच्या सकाळी भोरड्या नेहमीच्या वेळी आल्या. घाणेरीवर उतरल्या. या फांदीवरून त्या फांदीवर गेल्या. पानं उलटीपालटी केली. काही वेळ मोहरी तडतडली आणि मग एकदम गप्प झाली. रंगनाथराव खिडकीच्या फटीला डोळा लावून होते. ती शांतता ते पुढं कितीतरी दिवस विसरले नाहीत. मग सगळ्या भोरड्या एकाच वेळी उठल्या, घरावर सावली आली, आणि ती सावली बांध ओलांडून ज्वारीवर पडली. सगळी. मागं एकही राहिली नाही. आता दम घ्यायला, फळं खायला परत यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

आत्या ओरडत होती, डबा बडवत होती, गोफण सोडत होती. इकडून उठलेली भोरडी पलीकडं बसे, पलीकडची अलीकडं. दुपारपर्यंत बांधाकडची ज्वारी नुसती काड्यांसारखी उभी राहिली. रंगनाथराव खिडकीपाशी खाली बसले. त्यांना उठता येईना. भोरड्यांना ज्वारीत आपण घातलं; घाणेरीनं नाही, पुस्तकानं नाही, आपल्या भीतीनं. एक बादली, दुसरी बादली, स्वतःच्या हातानं.

ऊन कलल्यावर आत्या आली. आवाज पूर्ण बसलेला. ओट्यावर टेकून तिनं कुंपणाकडं बघितलं, मग रंगनाथरावांकडं.

"हात दाव."

"काय?"

"हात दाव म्हनते."

त्यांनी शाळेतल्या पोरासारखे हात पुढं केले. बोटं जांभळी-काळी, काट्यांनी ओरखडलेली.

"व्हय, तूच," आत्या पुटपुटली. "म्या न्हाई सांगायची. पन त्यो इचारल."

"कधी?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. बांधावर राजदूत वाजली. या वेळी ती हळू झाली नाही. सरळ आली आणि दारापुढं थांबली.

"सायेब, हायेत का घरात?"

ससाण्यांच्या घरात काकासाहेबांइतकं आदरानं कुणी बोलत नसे, आणि रंगनाथराव त्या आदरालाच भीत. ते बाहेर आले. त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, झालेल्या नुकसानीबद्दल मनापासून दिलगीर आहे असं काहीसं, शासकीय मराठीतलं. तोंडातून निघालं, "चहा घेणार?"

"आत्ताच झाला." काकासाहेबांचा चहा नेहमीच आत्ताच झालेला असे. तीन वर्षांत त्यांनी या घरात पाण्याचाही घोट घेतला नव्हता, आणि नाही म्हणताना एकदाही वाईट बोलले नव्हते. ते कुंपणाच्या कडेनं फिरले. एक फांदी उचलून बघितली, दुसरी बघितली.

"फळं कुटं ग्येली?"

आत्या जमिनीकडं बघत होती.

"तोडली," रंगनाथराव म्हणाले.

"कुनी?"

"आम्ही."

"का वो?"

"पाखरं येत होती. तुमच्या ज्वारीला त्रास नको म्हणून..."

काकासाहेब मोठ्यानं हसले. रंगनाथरावांच्या यादीतलं ते हसणं. ते ओट्याच्या खांबाला टेकले.

"आवो सायेब! भोरडी हितं गुतली हुती तुमच्या घाणेरीवर. आरदा येळ हितं, आरदा येळ माझ्यात. म्या म्हनलं, चला, सायबाच्या घराचा येकदा तरी उपेग झाला. आन तुमी पंगतच उटवली! पानावरनं उटवलेलं पाव्हनं मंग कुनाकडं जातेल?" ते आत्याकडं वळले. "आन तू गं म्हातारे? तुजा डबा फुटला का नरडं? दिसत नव्हतं व्हय तुला?"

शिवी नव्हती, पण शिवीच्या जवळपास होतं. आत्याच्या चेहऱ्यावर रंग परत आलेला रंगनाथरावांना दिसला.

"आता ग्येलं ते ग्येलं," काकासाहेब म्हणाले. "पावसाळ्यात येक काम करा. ह्या सबंद बांदाला लावा घाणेरी. सडकंपतुर. दोन्ही अंगांनी दाट. तुमच्या हाताला चांगली येती."

त्यांनी बांधाकडं हात केला. रंगनाथरावांनी तो हात गेला तिकडं बघितलं. दोन्ही अंगांनी दाट. मध्ये सायकल राहील? गॅसची टाकी राहील? दोन पावसाळ्यांनी तिथं मांजरही शिरलं नसतं. काकासाहेब हे समजून म्हणत होते की सहज? चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बाभळीची फांदी टाकण्याऐवजी हा माणूस माझ्याच हातानं, माझ्याच झारीनं पाणी घालून माझा रस्ता बुजवायला सांगतोय, आणि वर उपकार म्हणून. किंवा खरंच त्याला फक्त भोरडी दिसतेय.

"लावतो" हा शब्द रंगनाथरावांच्या तोंडात तयार होता. चाळीस वर्षं तो तयारच असायचा. दारात यशोधराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या पुढंही येत नव्हत्या, मागंही जात नव्हत्या.

"एका अंगाला लावतो," रंगनाथराव म्हणाले. "दुसऱ्या अंगानं आमचा रस्ता आहे."

शब्द बाहेर पडला तसे तेच दचकले. कुणी दुसऱ्यानं बोलल्यासारखे त्यांनी बाजूला बघितलं.

"रस्ता?" काकासाहेब म्हणाले. त्यांनी सडकेपर्यंत नजर टाकली, सावकाश परत आणली. "रस्ता हाय व्हय ह्यो? मला वाटायचं बांद हाय."

लांब ज्वारीत भोरड्यांचा आवाज चालू होता. रंगनाथरावांना आपल्या आईची वाटी दिसली, ओढ्यातल्या वाळूत बुडणारी.

"तुम्हीच म्हणाला होता की, काकासाहेब," यशोधराबाई म्हणाल्या. बालवाडीतल्या मुलाला त्याचा डबा त्याच्याच दप्तरात आहे हे सांगावं, त्या आवाजात. "पहिल्या दिवशी. या-जा बांधावरनं, कोण नको म्हणतंय. मी होते तिथं."

"म्या म्हनलो?"

"व्हय," आत्या बसक्या आवाजात म्हणाली. "म्या बी हुते."

हे बोलून आत्या स्वतःच घाबरली आणि गोफण गुंडाळायला लागली. काकासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग यशोधराबाईंकडं. मग त्यांनी गाडीला किक मारली. पहिल्या किकला ती लागली नाही. दुसऱ्या किकला लागली.

"म्हनलो आसंल," ते गाडीच्या आवाजात म्हणाले. "म्या लई बोलतो." आणि जाता जाता, "लावा मंग येका अंगानं."

ती रात्र रंगनाथरावांनी नवीन वाक्य तपासण्यात घालवली. 'लावा मंग येका अंगानं.' जुन्यापेक्षा हे बरं की वाईट? यात दुसऱ्या अंगाचं नाव नव्हतं. पण नाकारलंही नव्हतं. सकाळी त्यांनी यशोधराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चालून बघा, म्हणजे कळेल."

म्हणून ते चालायला लागले. पावसाळ्यात बांधाच्या डाव्या अंगाला त्यांनी सडकेपर्यंत घाणेरीच्या फांद्या लावल्या. घरामागच्या खड्ड्यातून त्याच सुमारास आपोआप घाणेरीचं रान उगवलं, तीही रोपं कामी आली. आणि उजव्या अंगानं ते रोज चालत. सकाळी सडकेपर्यंत आणि परत, दुपारी सडकेपर्यंत आणि परत. काम काहीच नसे. गवत उगवू नये, माती दबावी, लांबून पाहणाऱ्याला पायवाट दिसावी, एवढंच. संध्याकाळी यशोधराबाई चालत. माळ्याचं काम नसेल तेव्हा आत्या शेजारणीच्या शेळ्या घेऊन मुद्दाम तिथून जाई. काष्टीच्या बाजारात कुणी विचारलंच, की सायेब, एवढं काय फिरता, तर रंगनाथराव सांगत, "डॉक्टरांनी सांगितलंय." लोक मान हलवत. शुगर आजकाल सगळ्यांनाच असते.

भीती गेली नाही. ती त्यांच्याबरोबर चालायची, एवढाच फरक पडला.

पुढच्या पौषात भोरड्या आल्या. बांधावरची घाणेरी कमरेएवढी झाली होती आणि फळांनी काळी पडली होती. रंगनाथराव सकाळच्या फेरीला निघाले होते. डाव्या हाताला घाणेरीवर तडतडाट चालला होता, उजव्या हाताला ज्वारी चिकात होती, माळ्यावर आत्या उभी होती. अर्ध्या वाटेवर असताना मागून राजदूतचा आवाज आला.

पाय सवयीनं ज्वारीकडं वळले. खाली उतरायचं, हात जोडायचे, गाडी जाऊ द्यायची. हात अर्धे वर आलेही होते. पण उतरायचं तर ते ज्वारीत, आणि ज्वारीत उतरलं म्हणजे हा रस्ता नाही, बांधच आहे, असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी हात खाली घेतले. चालत राहिले. मागं हॉर्न वाजला, एकदा. भोरड्या घाणेरीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. रंगनाथरावांनी पाय उचलला, ठेवला, उचलला. माळ्यावरची गोफण थांबली होती.

दुसरा हॉर्न आला नाही. गाडीचा आवाज हळू झाला आणि त्यांच्या चालीनं मागं येत राहिला, इतक्या जवळून की पोटरीला इंजिनाची ऊब लागत होती. तो आवाज रागाचा होता की हसण्याचा, हे मागं बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

सडक येईपर्यंत रंगनाथरावांनी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बाजूला झाले असते, एवढी स्वतःची खात्री त्यांना होती.